आमच्यात उभ्या नसतात

सव्वीस वर्षं मी लेस्टरमधल्या एका शाळेत इतिहास शिकवला, आणि त्यातली वीस वर्षं ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांना इटलीचं एकीकरण शिकवलं. विषय मी मागून घेतला नव्हता. आधीच्या बाई रिटायर झाल्या आणि त्यांच्या कपाटातल्या नकाशांची गुंडाळी माझ्या हातात आली, इतकंच. पण पुण्याच्या माणसाला कुठलाही विषय द्या, पंधरा दिवसांत तो त्यात इतरांच्या चुका काढायला लागतो. मीही लागलो.

मला सगळ्यात आवडायचा तो एकीकरण झाल्यानंतरचा भाग. लढाया, डावपेच, लाल शर्ट घातलेले स्वयंसेवक, हे पोरं पुस्तकात वाचून यायची. मी सांगायचो ते पुढचं. नकाशावर देश एक झाला, झेंडा एक झाला, आणि आता काय? ज्या भाषेला आपण इटालियन म्हणतो ती शंभरातल्या फार थोड्यांना येत होती. उत्तरेच्या एका राज्याने आपले कायदे, आपली पलटण आणि आपले अंमलदार सगळ्या देशावर पांघरले. राजा अख्ख्या इटलीचा पहिला राजा, पण त्याने आपल्या नावापुढचा 'दुसरा' हा आकडा तसाच ठेवला, कारण त्याच्या जुन्या राज्यात तो दुसरा होता. दक्षिणेत आलेल्या साहेबांना तिथली माणसं रानटी वाटली, आणि तसं त्यांनी पत्रांतून कळवलंही. दळणावर कर बसला, पोरं सक्तीने सैन्यात नेली, आणि जे अडले त्यांना सरसकट दरोडेखोर ठरवून गोळ्या घातल्या. हे सांगताना माझा आवाज चढायचा. एका वर्षीच्या मुलांनी निरोपाच्या कार्डावर मला 'दक्षिणेचा सेनापती' असा किताब दिला होता. ते कार्ड मी फ्रिजवर लावलं.

नवा तास घ्यायच्या आधी मी तो घरी बोलून बघायचो. ऐकायला एकच माणूस, माझी बायको. ती हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. संध्याकाळी घरी आली की कणीक मळता मळता ऐकायची. एकदा मी सार्वमताचं सांगत होतो. दक्षिणेतल्या लोकांनी एकीकरणाला भरभरून होकार दिला खरा, पण मतदान कसं, तर होकाराची पेटी वेगळी, नकाराची वेगळी, दोन्ही उघड्यावर, आणि सगळे बघताहेत.

ती म्हणाली, "मग नाही कोण म्हणेल?"

"तेच तर! म्हणून त्या होकाराला काही अर्थ नाही."

"आणि नंतर त्या लोकांनी काय केलं?"

"काहींनी बंड केलं. कितीतरी जण बोटीत बसून अमेरिकेला गेले. बाकीचे गप्प बसले."

"गप्प बसले म्हणजे त्यांना पटलं, असं धरायचं का?"

"परीक्षेला हा प्रश्न येत नाही," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं हसलो. ती हसली, एवढं मला नक्की आठवतं. या फेब्रुवारीत ती गेली. तेव्हापासून मी एकाच गोष्टीच्या मागे आहे. चौतीस वर्षं ती माझ्या घरात राहिली, ते घर तिला कधी आपलं वाटलं का? ती असेपर्यंत हा प्रश्न मला पडला नव्हता. उत्तर 'हो' आहे असंच मी धरून चाललो होतो.

ती अकोल्याची. लग्न पुण्यात झालं, आमच्या पद्धतीने, आमच्या गुरुजींकडून. तांदळाच्या ताटात मी अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. नाव माझ्या आईने निवडलं होतं. मला विचारलं तेव्हा मी 'चालेल' म्हणालो. तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. पुढे इंग्लंडला यायचं ठरल्यावर कागदपत्रं एकसारखी हवीत म्हणून मी पदवीपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे नवं नाव करून घेतलं, गॅझेटमध्ये छापून आणलं. असल्या कामात मी भलता चोख. सहा महिन्यांत तिचं जुनं नाव एकाही कागदावर उरलं नाही.

सुरुवातीला ती 'काय करून राहिले?' असं विचारायची. मी मित्रांसमोर त्याची नक्कल करायचो, आणि तीही हसायची. दोन वर्षांत तिचं बोलणं थेट माझ्या आईसारखं झालं. अकोल्याला फोन करताना मात्र ती बेडरूमचं दार लावून घ्यायची. आतून येणारा आवाज वेगळाच असायचा, मोठा, हेल काढून बोलणारा. आमटीत गूळ घालायलाही ती शिकली. तिच्या आईने पाठवलेला काळा मसाला कपाटात मागे मागे सरकत गेला, आणि एक दिवस त्याला वास राहिला नाही म्हणून मीच तो टाकून दिला.

पण सांगायचं आहे ते महालक्ष्म्यांचं. वऱ्हाडात भाद्रपदात दोघी बहिणी येतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. माणसाच्या उंचीच्या, साड्या नेसवलेल्या, पितळेचे मुखवटे, वर टांगलेला तळणाचा फुलोरा, पुरणपोळी, सोळा भाज्या आणि ज्वारीची आंबील. तीन दिवस घरात माहेरवाशिणी आल्यासारखं असतं. आमच्याकडे, म्हणजे पुण्याला, खड्याच्या गौरी. पाण्यावर जायचं, सात खडे आणायचे, वाटीत ठेवून पूजा करायची. काम आटोपशीर. तिला भाऊ नव्हता. आपल्यामागे महालक्ष्म्या कोण उभ्या करणार, हा तिच्या आईला मोठा घोर होता. आम्ही इकडे यायला निघालो तेव्हा सासूबाई अकोल्याहून पुण्याला आल्या, आणि लाल कापडात गुंडाळलेले दोन मुखवटे त्यांनी स्टीलच्या डब्यात घालून माझ्या हातात दिले. लेकीच्या नाही, माझ्या. म्हणाल्या, "जावईबापू, हिच्या हातून एवढं होऊ द्या."

मी म्हणालो, "बघू."

लेस्टरमधल्या पहिल्या भाद्रपदात तिने डबा बाहेर काढला. मी पेपर वाचत होतो. "आमच्यात उभ्या नसतात," मी म्हणालो. "आमच्यात खड्याच्या."

"दोन्ही केल्या तर?"

"एका घरात दोन कुळाचार चालत नाहीत म्हणतात."

"तुमचा विश्वास आहे त्यावर?"

माझा कशावरच नव्हता. कॉलेजात मी देवाधर्माची टिंगल करत फिरायचो. पण म्हणालो, "आईला चालायचं नाही." आई सात हजार किलोमीटरवर होती. वर एक विनोदही केला, की या फ्लॅटमध्ये त्या दोघींना उभं केलं तर आपण दोघांनी उभं राहायचं कुठे? ती हसली आणि म्हणाली, "राहू द्या मग." घर घेतलं तेव्हा डबा लॉफ्टमध्ये गेला. दर भाद्रपदात ती सोअर नदीच्या काठावरून सात खडे आणायची, माझ्या आईने सांगितलं होतं तशी तंतोतंत पूजा करायची, आणि मी कामावर जायच्या आत नैवेद्य दाखवून मोकळी व्हायची. मला त्याचं फार कौतुक होतं. महाराष्ट्र मंडळात मी सांगायचो, की वऱ्हाडची असूनही आमचं सगळं किती व्यवस्थित करते.

आमचं घर सेमी-डिटॅच्ड. एका छपराखाली दोन घरं आणि मधे एक भिंत. पलीकडे इटालियन जोडपं राहायचं, हे कळलं तेव्हा माझा आनंद गगनात मावेना. अख्खा अभ्यासक्रम शेजारी राहायला आला होता! तो तूरिनकडचा, उत्तरेचा. होजिअरीच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायचा. ती दक्षिणेची, इटलीच्या बुटाच्या बोटाकडची, डोंगरातल्या एका खेड्यातली, त्याच कारखान्यात शिलाईवर. इटलीत हे दोघं एकमेकांना दिसलेही नसते. लेस्टरला येऊन त्यांनी लग्न केलं. कुंपणापाशी उभं राहून तो माझ्याशी तासन्‌तास बोलायचा. गडी दिलदार आणि बोलका. दक्षिणेच्या लोकांना हिणवायचा त्यांच्याकडे एक शब्द आहे, मातीतलं गावंढळ माणूस अशा अर्थाचा. तो बायकोला लाडाने त्याच नावाने हाक मारायचा, आणि ती आतून ओ द्यायची. तो मला म्हणाला होता, "सरकारला जमलं नाही ते मी केलं. आमच्या घरात इटली एक झाली." हे वाक्य मी वर्गात पुष्कळ वर्षं वापरलं.

तो अचानक गेला. नंतर आठवड्याभराने माझी बायको एका वाटीत ठेचा घेऊन तिच्याकडे गेली. दुसरं काही करायला वेळ नव्हता म्हणाली. परत येऊन तिने सांगितलं, की त्या बाईने पावाला ठेचा लावून खाल्ला आणि रडायला लागली. तिच्या गावाकडे मिरचीशिवाय पान हलत नाही, पण नवऱ्याला मिरचीचा वासही सोसायचा नाही, म्हणून तीस वर्षं या घरात मिरची आली नव्हती.

"तिखट लागलं असेल," मी म्हणालो. "म्हणून रडली."

त्यानंतर दोघींचं चांगलं जमलं. मला ते बरंच वाटायचं. एकटी बाई आहे, हिची सोबत होते, असं मी म्हणायचो. हिला सोबत लागत असेल असं माझ्या मनात आलं नाही.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात डॉक्टरांनी आता फारसं काही करता येणार नाही असं सांगितलं. मी रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, घरीच असायचो. भाद्रपद जवळ आला, आणि एका दुपारी मला उपरती झाली. तिच्यासमोर बसून मी म्हणालो, "या वर्षी तुझ्या गौरी बसवू या. उभ्या."

ती म्हणाली, "महालक्ष्म्या."

"हो, तेच ते. लॉफ्टमधून डबा काढतो. काय काय लागतं ते सांग, मी लिस्ट करतो. माणसं बोलावू."

"नको. तुम्हाला दगदग होईल."

मी आणखी एकदा म्हणून पाहिलं. ती नकोच म्हणाली. खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला. विचारल्याचं पुण्य मिळालं आणि करायचा त्रास वाचला. तिने फक्त एवढं मागितलं, की रिटायर झाल्यापासून जात होतो तसंच पूजेच्या दिवशी मी मंडळाच्या गणपतीला जावं आणि दिवसभर तिथेच थांबावं. "मला जरा शांत पडायचंय," म्हणाली. त्याआधी ऋषिपंचमीला तिने मला बेलग्रेव्ह रोडवर भाज्या आणायला पाठवलं होतं. ती दर वर्षीच पाठवायची, आणि एवढ्या भाज्यांचं करतेस काय असं मी दर वर्षीच विचारायचो. ऋषीच्या भाजीला लागतात, असं तिचं ठरलेलं उत्तर होतं. मी मंडळात गेलो, मोदक खाल्ले, आणि चार जणांना अभिमानाने सांगितलं की मी तिला उभ्या गौरी बसवू का विचारलं होतं, पण बिचारी माझाच विचार करते. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती खुर्चीत बसली होती. दमलेली होती, पण चेहरा कधी नव्हे इतका निवांत होता. विश्रांतीने फरक पडला असं मी समजलो.

फेब्रुवारीत क्रेमॅटोरियममध्ये शेजारीणबाई काठी टेकत पुढे आली. पेटीवर हात ठेवून तिने एक नाव घेतलं. ते बायकोचं माहेरचं नाव होतं. तिची आई गेल्यापासून मी ते कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. हिला कुठून कळलं, असं क्षणभर वाटलं. मग कुणीतरी माझा हात धरून मला बाजूला नेलं, आणि मी ते विसरलो.

वर्ष व्हायचं आहे, त्यामुळे यंदा घरात सण नाही. पण ऑगस्टमध्ये मुलगी ब्रॅकनेलहून चार दिवस आली तेव्हा मी तिला माझा बेत सांगितला. पुढच्या वर्षी आपण आईच्या महालक्ष्म्या इथे, फ्रंट रूममध्ये उभ्या करायच्या. नीट, तिच्या पद्धतीने. आत्ताच मुखवटे खाली काढून उजळून ठेवू. मी इतक्या उत्साहाने बोलत होतो आणि ती चहाच्या मगकडे बघत बसली होती. मी शिडी लावून लॉफ्टमध्ये चढलो. सूटकेसच्या मागे डबा सापडला. हातात घेतला तेव्हाच तो हलका लागला. आत फक्त लाल कापड होतं.

मी वरून ओरडलो, "अगं, मुखवटे नाहीत यात!"

ती शिडीखाली येऊन उभी राहिली. "माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"ते बॉक्स मी आणि आईनेच एम्प्टी केला होता. मी तेव्हा इयर फाइव्हमध्ये होती, नऊ-दहा वर्षांची. तुम्ही खाली या ना, प्लीज."

मी खाली आलो. कपड्यांना धूळ, हातांना धूळ. "कुठे आहेत?"

तिने मधल्या भिंतीकडे बघितलं. "नेक्स्ट डोअर. आई दर वर्षी तिकडे करायची. ती अ‍ॅन्युअल लीव्ह घ्यायची त्या दिवशी, आणि मी स्कूलमधून डायरेक्ट तिकडेच जायची. नंतर युनिव्हर्सिटीतून पण यायची. बाबा, तुम्ही अपसेट होऊ नका. मी आईला प्रॉमिस केलं होतं."

मी अपसेट झालो नाही, मी भडकलो. राग यायला मला कधीच मोठं निमित्त लागलेलं नाही. एकवीस वर्षं! माझ्या नाकावर टिच्चून, भिंतीपलीकडे, पोटच्या पोरीला सामील करून! आणि भाज्या मी आणून दिलेल्या! असलं बरंच काही मी बोललो. मुलगी रडायला लागली तरी थांबलो नाही. मग तसाच उठलो आणि शेजारच्या दाराची बेल दाबली.

शेजारीणबाई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. आमचं बोलणं इंग्रजीतच होतं, पण मला ती पहिल्यापासून 'प्रोफेसोरे' म्हणते. त्यांच्याकडे शाळामास्तरालाही तसंच म्हणतात. तिने माझा अवतार पाहिला, माझ्यामागे उभी असलेली मुलगी पाहिली, आणि काही न विचारता दार पूर्ण उघडलं.

मागच्या खोलीत ती शिवणकाम करायची. तिथे कपडे मापाला लावून बघायचे दोन पुतळे होते, बिनडोक्याचे. त्यांना साड्या नेसवलेल्या होत्या. निऱ्या एकसारख्या, पिनांनी बसवलेल्या, आणि अंगात त्याच रंगाची नीट शिवलेली झंपरं. एक साडी मी ओळखली. ती आमच्या लग्नातली होती. कुठे गेली असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा चॅरिटी शॉपला दिली म्हणाली होती. मागच्या टेबलावर बाईची मदर मेरीची मूर्ती होती, निळ्या झग्यातली. तिच्या शेजारी फडक्यावर दोन मुखवटे ठेवले होते, चिंच लावून लख्ख केलेले. अजून महिना होता, पण ती तयारीला लागली होती.

"यंदा नाही करता येत," मी म्हणालो. इतका संतापून आलेला मी, आणि तोंडून निघालं ते हे. "घरात माणूस गेलं की आमच्यात वर्षभर सण करत नाहीत."

"मला माहीत आहे. मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, तुझं घर, तुझा नियम. माझ्या घरात असा नियम नाही."

मी तिच्या खुर्चीत बसलो. ती बोटांवर मला भाज्या मोजून दाखवायला लागली. पडवळ, दोडका, भेंडी, लाल भोपळा. नावं मराठीत, उच्चार तिचे, आणि हेल बेडरूमच्या बंद दाराआडून यायचा तो. सोळाच्या सोळा तिला येत होत्या. मला अकरापर्यंत आल्या असत्या. आंबील आता तीच करते म्हणाली. फुलोरा कपडे वाळवायच्या वरच्या दांडीला टांगतात म्हणाली. मुलगी माझ्यामागून एकेक आठवण करून देत होती, आणि त्या दोघी अधूनमधून हसत होत्या. त्यात माझं काही काम नव्हतं.

शेवटी मी विचारलं. ज्यासाठी गेले सहा महिने तळमळत होतो ते या परक्या बाईला विचारलं. "माझ्याबद्दल ती काय म्हणायची?"

"म्हणायची, माणूस चांगला आहे."

मला बरं वाटलं. तिने टेबलावरच्या मुखवट्यावरून फडकं फिरवलं.

"माझाही चांगला होता," ती म्हणाली.

मग मी म्हणालो, की मागच्या वर्षी मी स्वतःहून तिला विचारलं होतं, उभ्या बसवू का म्हणून. तिने मला सांगायला हवं होतं.

"ती मला म्हणाली ते. खूश झाली होती तुम्ही विचारलंत म्हणून. पण म्हणाली, तिकडे केल्या तर ते लिस्ट करतील, माणसं बोलावतील, आणि कसं करायचं ते मला समजावून सांगतील. इथे तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं, प्रोफेसोरे. वर्षातला एक दिवस."

माझे हात लॉफ्टच्या धुळीने काळे झाले होते, आणि त्याच हातांनी मी डोळे पुसत होतो. ती म्हणाली, हात धुऊन या. मी स्वयंपाकघरात गेलो. सिंकवर पांढऱ्या टाइल्स होत्या, आणि नळाच्या वर, डोळ्यांच्या उंचीपेक्षा जरा खाली, एक मरून टिकली चिकटवलेली होती. बायका आंघोळीच्या वेळी आरशावर चिकटवतात तशी. मी नळ बंद केला.

"ती तिचीच आहे," शेजारीणबाई दारातून म्हणाली. "मी काढली नाही."

मग तिने सांगितलं. पूजा झाली की ती बायकोला हळदकुंकू लावायची. बायकोनेच तिला शिकवलं होतं, आधी पिवळं, मग लाल, चांगलं ठसठशीत. त्यासाठी बायको आपली टिकली काढून तिथे टाइलवर लावून ठेवायची. आणि दिवस संपला, घरी जायची वेळ झाली, की या सिंकवर उभी राहून कपाळ धुवायची.

"धुवायची?" मी म्हणालो. सवाष्ण बाई हळदकुंकू घेऊन स्वतःच्या हाताने ते पुसते, हे या इटालियन बाईला काय कळणार?

"मला तिने सांगितलं होतं की तुमच्यात हे वाईट समजतात. दर वर्षी ती धुताना थोडं थांबायची. पण तसंच घरी गेली असती तर तुम्ही विचारलं असतं, कुठे गेली होतीस. म्हणून धुवायची, टिकली परत लावायची आणि जायची. मागच्या वर्षी ती फार थकली होती. धुतलं, आणि टिकली इथेच विसरली. मी हाक मारली, पण तोवर ती तुमच्या दारात पोचली होती. मला वाटलं, आता तुम्ही विचाराल. मी दोन दिवस वाट बघत होते, की तुम्ही येऊन बेल वाजवाल."

त्या संध्याकाळी मंडळातून आल्यावर मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो होतो. मोदक कसे झाले होते, कोण कोण भेटलं, कोण काय म्हणालं, हे सगळं मी तिला तासभर सांगत होतो, आणि ती माझ्याकडे बघत ऐकत होती. तिचं कपाळ मोकळं होतं. मला ते दिसलं नाही.